एमसीटी तेल आणि कायलोथोरॅक्स: तेलाच्या बाटलीवर काय वाचायचे, नळीच्या बाटलीत काय पाहायचे

छातीत काइल, म्हणजे आतड्यातून येणारा स्निग्ध रस, साचल्याचे (कायलोथोरॅक्सचे) निदान झाले की आहाराच्या पहिल्याच कागदावर एमसीटी, म्हणजे मध्यम साखळीच्या फॅटच्या, तेलाचे नाव येते आणि घरचे लोक ते शोधायला निघतात. जवळजवळ रंगहीन, वास नसलेले, साध्या खाद्यतेलापेक्षा पातळ असे हे तेल असते. त्याचे काम एकच आहे: हा रस वाहून नेणाऱ्या, आता गळक्या झालेल्या नळीला बगल देऊन शरीराला उष्मांक पोचवणे. हे काम ते चोख करते. गळती मात्र ते बुजवत नाही. ती आपोआप बुजावी म्हणून ते सवड मिळवून देते, एवढेच. या दोन गोष्टींची गल्लत झाली की तेलावर नको तेवढा भरवसा टाकला जातो आणि पुढच्या उपचाराला उशीर होतो.

ही बगल कशी मिळते ते आधी पाहू, कारण विकत घेताना करायची सगळी पारख त्यावरच ठरते. रोजच्या जेवणातल्या तेला-तुपातली फॅट लांब साखळीची असते. पचनानंतर आतड्याच्या पेशी तिचे बारीक गोळे बांधतात. त्यांना कायलोमायक्रॉन म्हणतात. हे गोळे थेट रक्तात न जाता लसीकावाहिन्यांत (लसीका, म्हणजे लिम्फ, नेणाऱ्या बारीक नळ्यांत) शिरतात, आणि तो दुधाळ रस म्हणजे काइल. कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यासमोरून निघणारी थोरॅसिक डक्ट नावाची नळी तो वर नेते. ही नळी छातीत मणक्यांच्या उजव्या बाजूने चढते, पाचव्या मणक्याच्या आसपास डावीकडे वळते आणि मानेच्या तळाशी डाव्या बाजूच्या मोठ्या शिरेत रिकामी होते. जाडी जेमतेम काही मिलिमीटर, पण मोठ्या माणसात दिवसाला दीड ते अडीच लिटर रस तिच्यातून वाहतो आणि स्निग्ध जेवणानंतर प्रवाह कितीतरी पटींनी वाढतो. नळी वळणाच्या खाली फाटली तर काइल बहुधा उजव्या फुप्फुसाभोवती साचतो, वर फाटली तर डाव्या. एमसीटी म्हणजे मध्यम साखळीची फॅट. तिची मेदाम्ले, विशेषतः ८ आणि १० कार्बनची, कायलोमायक्रॉनमध्ये बांधली न जाता यकृताकडे जाणाऱ्या शिरेतून सरळ रक्तात जातात. त्यांच्यामुळे नळीतला प्रवाह फारसा वाढत नाही.

पण तेल आणण्याआधी छातीतला द्रव खरोखर काइलच आहे का, हे ठरायला हवे. इथे डोळे फसवतात. दुधासारखा पांढरा द्रव निम्म्याहून कमी रुग्णांत दिसतो. बाकीच्यांत तो पिवळसर, गढूळ किंवा रक्तमिश्रित असतो. शस्त्रक्रियेनंतर चार दिवस उपाशी असलेल्या रुग्णाच्या छातीत द्रव काढायला बसवलेल्या नळीतून साधा पिवळा द्रव येत राहतो आणि पहिला स्निग्ध घास पोटात गेल्यावर तो पांढरा होतो, तोवर कुणाला शंकाही आलेली नसते. म्हणून द्रवातल्या ट्रायग्लिसराइडची तपासणी हवी. डेसीलिटरला ११० मिलिग्रॅमच्या वर आकडा आला तर काइल असण्याची शक्यता फार मोठी. ५० च्या खाली आला तर बहुधा नाही. मधल्या आकड्यांत लायपोप्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस ही प्रयोगशाळेतली तपासणी करून कायलोमायक्रॉन शोधावे लागतात, कारण ते सापडले की निदान पक्के. नमुना रुग्ण काही खात असताना घेतला आहे की उपाशीपोटी, हे चिठ्ठीवर लिहावे. उपाशीपोटी किंवा एमसीटी आहार सुरू झाल्यावर घेतलेल्या नमुन्यात ट्रायग्लिसराइड कमी येते आणि गळती असूनही अहवाल ‘नाही’ म्हणतो.

पांढऱ्या द्रवाची आणखी तीन सोंगे ओळखून ठेवावीत. पू साचला असेल तर नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये (वेगाने फिरवून थर वेगळे करणाऱ्या यंत्रात) फिरवल्यावर वरचा थर नितळ होतो. काइल फिरवूनही गढूळच राहतो. क्षयरोग किंवा संधिवात यांमुळे वर्षानुवर्षे साचून राहिलेल्या द्रवात कोलेस्टेरॉल २०० मिलिग्रॅमच्या वर जाते आणि त्याचे स्फटिक दिसतात. त्याला स्यूडोकायलोथोरॅक्स म्हणतात आणि त्यात या तेलाचा काडीचाही उपयोग नाही. तिसरे सोंग अतिदक्षता विभागातले: शिरेतून पोषण देणारी नळी जागा सोडून छातीत उघडली असेल, तर सलाइनमधलेच पांढरे इमल्शन फुप्फुसाभोवती जमते. त्या द्रवात ग्लुकोज भरमसाट असते, तीच त्याची खूण.

आता तेलाची बाटली. पुढच्या बाजूला काय छापले आहे ते सोडून द्या, मागची घटकयादी वाचा. तिथे कॅप्रिलिक म्हणजे सी८ आणि कॅप्रिक म्हणजे सी१० या दोन आम्लांची नावे आणि प्रमाण हवे. या कामासाठी चांगल्या तेलात जवळपास सगळी फॅट याच दोघांची असते. काही बाटल्यांत लॉरिक आम्ल, म्हणजे सी१२, ‘मध्यम साखळी’च्या हिशेबात घुसवलेले असते. रसायनशास्त्राच्या व्याख्येत ते बसतेही, पण शरीर त्यातला बराच भाग लांब साखळीसारखा वागवते आणि लसीकेतूनच वर पाठवते. गळती असलेल्या माणसाला ते नको. याच कारणाने खोबरेल तेल हा पर्याय होत नाही. त्यात जवळपास निम्मे लॉरिक असते आणि सी८ व सी१० मिळून साधारण सातवा-आठवा भाग. ‘नारळापासून बनवलेले’ हे शब्द लेबलवर असले म्हणून बाटली नाकारू नये, कारण एमसीटी तेल बहुधा नारळ किंवा पामच्या गाभ्याच्या तेलातूनच वेगळे काढतात. पाहायचे ते फक्त आम्लांचे प्रमाण. ते छापलेलेच नसेल, तर ती बाटली रुग्णासाठी घेऊ नये.

तेलाखेरीज इमल्शन आणि पावडर असे दोन प्रकार मिळतात. इमल्शन पाण्यात सहज मिसळते आणि पोटाला जरा सोसवते. पण त्यात तेल निम्म्याच्या आसपास असते, त्यामुळे चमच्याचा हिशेब बदलतो. पावडरीत तेल धरून ठेवायला पिष्ट किंवा दुधाचे प्रथिन घातलेले असते, शिवाय कधी लांब साखळीची थोडी फॅटही. व्यायाम करणाऱ्यांसाठी विकल्या जाणाऱ्या पावडरी इथे टाळाव्यात. तीनांत साधे, शुद्ध तेल सर्वांत उजवे, कारण त्याचा हिशेब सरळ असतो.

हिशेब असा. १५ मिली तेल म्हणजे साधारण १४ ग्रॅम आणि ११५ उष्मांक, कारण एमसीटी ग्रॅमला ८.३ उष्मांक देते. नेहमीच्या तेलापेक्षा किंचित कमी. दिवसाला अशा चार मात्रा गेल्या तर ४६० उष्मांक झाले. १८०० ची गरज असलेल्या माणसाला हा चौथा हिस्सा. बाकीचे पिष्टमय पदार्थ आणि प्रथिनांतून यायला हवेत, आणि प्रथिनांकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे, कारण काइलच्या प्रत्येक लिटरबरोबर २० ते ३० ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त प्रथिन बाहेर जाते. छातीत बसवलेल्या नळीतून रोज लिटरभर जात असताना तेलाच्या चमच्यांवर सगळी चर्चा आणि प्रथिनांचा विषयच नाही, ही चूक फार वेळा होते.

सुरुवात ५ मिलीने, दिवसातून तीन-चार वेळा, जेवणासोबत. दोन-तीन दिवसांनी पोट पाहून वाढवत जावे. एका वेळी १५ ते २० मिलीच्या वर सहसा सोसत नाही. पहिल्याच दिवशी मोठा चमचा भरून दिला की तासाभरात पोटात मुरडा, मळमळ आणि जुलाब ठरलेले. मग रुग्ण तेलाला हात लावत नाही. दोष तेलाचा नसतो, घाईचा असतो. रिकाम्या पोटी देऊ नये. फळांचा रस, साय पूर्ण काढलेले दूध, सूप किंवा शिजवलेल्या भाजीत वरून मिसळले की चव लागत नाही. तळायला मात्र हे तेल वापरू नये. ते साध्या तेलापेक्षा बऱ्याच कमी उष्णतेला धुरावते, कडवट होते आणि फेसाळते. मंद आचेवर परतणे किंवा शिजल्यावर घालणे हेच बरे.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट भांड्याची. थर्माकोल किंवा पॉलिस्टायरीनच्या पेल्यात हे तेल ओतू नये. त्या प्लॅस्टिकला ते मऊ करते. काच किंवा स्टील घ्यावे. नाकातल्या नळीने आहार चालू असेल तर तेल आहाराच्या पिशवीत ओतणे चुकीचे: ते वर तरंगते, पिशवीला आणि नळीला चिकटून राहते, रुग्णाच्या पोटात निम्मेही जात नाही आणि नोंद मात्र ‘पूर्ण दिले’ अशी होते. सिरिंजने वेगळे द्यावे आणि मागोमाग पाण्याने नळी धुवावी.

तेलाची खरी परीक्षा ताटातल्या बाकीच्या गोष्टींवर ठरते. लांब साखळीची फॅट मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १० ग्रॅमच्या आत ठेवायची असते. नेहमीचे तेल एक चहाचा चमचा गेला की ४.५ ग्रॅम संपले. एका अंड्याच्या बलकात जवळपास तेवढीच फॅट असते. पांढऱ्यात जवळजवळ नाही. ‘फॅट फ्री’ छापलेल्या पाकिटातही प्रत्येक वाट्यामागे अर्ध्या ग्रॅमपर्यंत फॅट असू शकते आणि तशी सहा पाकिटे झाली की ३ ग्रॅम. सर्वांत जास्त निसटते ते औषधांच्या ट्रेमध्ये: जीवनसत्त्व अ, ड आणि ई यांच्या मऊ कॅप्सूल बहुतेक वेळा तेलातच भरलेल्या असतात. आहार काटेकोर आणि रोज सकाळी तेलाची कॅप्सूल, असे होऊ नये. पाण्यात मिसळणारा प्रकार मागून घ्यावा. ही जीवनसत्त्वे द्यावीत मात्र नक्की, कारण ती काइलबरोबर वाहून जातात.

या तेलाची सर्वांत मोठी उणीव म्हणजे त्यात अत्यावश्यक मेदाम्ले नसतात. लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक ही दोन आम्ले शरीर स्वतः बनवू शकत नाही आणि एमसीटीतून ती शून्य मिळतात. आहार दोन-तीन आठवड्यांपलीकडे गेला की त्वचा कोरडी पडून कोंड्यासारखी सुटते, केस गळतात, जखम भरायला वेळ लागतो. ज्याची गळती बुजायची वाट पाहतो आहोत त्याचीच जखम भरेनाशी होणे परवडणारे नाही. एकूण उष्मांकांपैकी निदान २ टक्के लिनोलेइकमधून यावेत असा दंडक आहे. १८०० उष्मांकांना ते ४ ग्रॅम होतात. नेहमीच्या सूर्यफूल तेलाचे ७ मिली तेवढे देतात, पण त्या १० ग्रॅमपैकी सहाहून जास्त खाऊन टाकतात. म्हणून हा वाटा मुद्दाम राखून ठेवावा लागतो, नकळत तळणात घालवायचा नसतो. तेवढेही तोंडाने देता येत नसेल तर शिरेतून लिपिड इमल्शन देतात. ते सरळ रक्तात जाते, थोरॅसिक डक्टच्या वाटेला जातच नाही, त्यामुळे ‘फॅट बंद’ म्हणून तेही बंद करण्याचे कारण नाही. अंगाला तेल चोळून ही उणीव भरून निघेल यावर विसंबू नये.

काही रुग्णांना हे तेल वैद्यकीय सल्ल्याशिवाय देऊच नये. यकृताचा सिरॉसिस पुढे गेलेला असेल तर यकृत ही आम्ले नीट हाताळू शकत नाही आणि भान बिघडू शकते. अनियंत्रित मधुमेहात किटोन वाढण्याचा धोका असतो, कारण एमसीटीपासून किटोन लवकर तयार होतात. तान्ह्या बाळाला तर तेल घरी मोजून घालूच नये. बाळांसाठी ज्यात बहुतांश फॅट एमसीटीची आहे आणि अत्यावश्यक मेदाम्लेही घातलेली आहेत, असे खास दूधपावडरीचे प्रकार मिळतात. आईचे दूध सेंट्रिफ्यूज करून साय काढून देण्याची पद्धतही अनेक नवजात विभागांत वापरतात. त्या दुधात मग एमसीटी आणि जीवनसत्त्वे वेगळी घालावी लागतात.

आता दुसरी बाटली, म्हणजे छातीतला द्रव बाहेर काढणाऱ्या नळीची. तेल काम करते आहे का, याचे उत्तर तिथेच मिळते. रोज एकाच वेळी, २४ तासांचा द्रव मोजावा. आहार बदलल्यावर एक-दोन दिवसांत रंग नितळतो आणि सगळ्यांना हायसे वाटते. पण रंग नितळला याचा अर्थ फक्त रसातली फॅट कमी झाली. गळती कमी झाली का, हे मिलीलिटर सांगतात. सहाशेचे साडेतीनशे, मग दोनशे, मग शंभर असे उतरत गेले तर वाट बरोबर आहे. एका रात्रीत आठशेचे वीस झाले तर आनंदाआधी नळी तपासावी. पाण्याच्या बाटलीतली पातळी श्वासागणिक वरखाली होते का? होत नसेल तर फुप्फुस पूर्ण फुगले असेल किंवा नळी गुठळीने, नाहीतर वाकून, बंद पडली असेल. एक्स-रे काढला की कळते. द्रव आत साचत असताना ‘तेलाने गुण आला’ अशी नोंद होणे धोक्याचे आहे. नळीतून जाणाऱ्या द्रवाबरोबर पाणी, सोडियम, प्रथिन आणि लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशीही जातात. म्हणून वजन, अल्ब्युमिन (रक्तातले एक प्रथिन), क्षार आणि लिम्फोसाइटची संख्या यांचा तक्ता सोबत चालू ठेवावा. गळती लांबलेल्या रुग्णाला जंतुसंसर्ग पटकन गाठतो.

एमसीटी आहारावरही प्रवाह हटत नसेल, तर त्याचे एक कारण साधे आहे: पोटात काहीही गेले, अगदी पाणीही, तरी लसीकेचा प्रवाह थोडा वाढतोच. म्हणून पुढची पायरी तोंडाने सगळे बंद करून शिरेतून पूर्ण पोषण ही असते. जोडीला ऑक्ट्रिओटाइड हे लसीकेचा प्रवाह कमी करणारे औषध वापरतात; मोठ्यांत बहुधा ५० ते १०० मायक्रोग्रॅम दिवसातून तीनदा त्वचेखाली. त्याने रक्तातली साखर हलते, नाडी मंदावू शकते, पित्ताचे खडे होऊ शकतात. नवजात बाळांत आतड्याचा गंभीर दाह झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणून तिथे फार जपून.

कारण कोणते, यावर तेलाला किती दिवस द्यायचे ते ठरते. अन्ननलिकेच्या किंवा मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेत थोरॅसिक डक्टला इजा झाली असेल आणि द्रव मध्यम प्रमाणात असेल, तर आहार आणि छातीत बसवलेली नळी यांवर अनेक गळत्या थांबतात. पण दिवसाला लिटरहून जास्त द्रव चार-पाच दिवस सतत येत असेल किंवा दोन आठवडे उलटूनही ओघ चालू असेल, तर तेलाचे काम संपले असे समजावे. त्यापुढे वाट पाहणे म्हणजे रुग्णाला शस्त्रक्रिया न झेपण्याइतके अशक्त करणे. लिम्फोमा, म्हणजे लसीकाग्रंथींचा कर्करोग, हे इजेशिवायच्या कारणांत सर्वांत नेहमीचे. तिथे केमोथेरपी किंवा रेडिएशनने गाठी आटल्याशिवाय आहाराने फारसे साधत नाही. तरुण स्त्रियांत आढळणाऱ्या लिम्फँजिओलायोमायोमॅटोसिस या दुर्मीळ आजारात सिरोलिमस हे औषध उपयोगी पडते. गळ्यातल्या शिरेत कॅथेटर असलेल्या मुलाला कायलोथोरॅक्स झाला, तर त्या शिरेत गुठळी आहे का ते सोनोग्राफीने पाहावे. डक्ट जिथे रिकामी होते तिथलाच दरवाजा बंद असेल तर कोणत्याही तेलाने रस उतरणार नाही.

पुढचे उपाय हल्ली बरेच सुसह्य झाले आहेत. जांघेतल्या लसीकाग्रंथीत सोनोग्राफीखाली बारीक सुईने लिपिओडॉल हे एक्स-रेवर दिसणारे आयोडीनयुक्त तेल सोडतात. ते वर चढताना एक्स-रेवर गळतीची जागा दिसते आणि काही रुग्णांत त्या तेलानेच गळती बंद होते. हृदयाच्या पडद्यातून रक्त उजवीकडून डावीकडे जात असेल तर मात्र ते मेंदूत पोचण्याचा धोका असतो. जागा सापडल्यावर पोटातून सुई डक्टमध्ये नेऊन कॉइल आणि गोंदाने ती बंद करतात. डॉक्टर कॉन्स्टँटिन कोप यांनी १९९० च्या दशकाच्या शेवटी ही एम्बोलायझेशनची (आतून बुजवण्याची) वाट दाखवली. ते जमले नाही तर दुर्बिणीतून, उजव्या बाजूने, डायफ्रामच्या, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या पडद्याच्या, लगेच वर डक्ट बांधतात. १९४८ मध्ये शल्यविशारद लॅम्पसन यांनी डक्ट बांधून रुग्ण वाचवला, त्याआधी सततच्या गळतीत जवळपास निम्मे रुग्ण दगावत. शस्त्रक्रियेच्या आधी पोटात साय दिली जाते, म्हणजे डक्ट पांढरी फुगून शल्यविशारदाला दिसते. इतके दिवस टाळलेली फॅट त्या दिवशी मुद्दाम देतात, याने घरच्यांनी गोंधळून जाऊ नये.

तेल कधी थांबवायचे, हा प्रश्न सुरू करण्याइतकाच मोलाचा. द्रव दिवसाला शे-दोनशे मिलीच्या खाली आला आणि एक्स-रेवर छाती कोरडी दिसली की घाईने नळी काढण्याऐवजी नळी जागेवर ठेवूनच नेहमीचा स्निग्ध आहार द्यावा आणि २४ ते ४८ तास पाहावे. द्रव वाढला नाही, पांढरा झाला नाही, ट्रायग्लिसराइड कमीच राहिले, तर नळी काढता येते. वाढला, तर द्रवाला बाहेर पडायला वाट तरी शाबूत असते. त्यानंतरही फॅट कमी ठेवण्याचा आहार पुढे काही आठवडे चालवण्याची अनेक ठिकाणी पद्धत आहे. घरी गेल्यावर दम वाढणे, एका कुशीवर झोपल्यावर धाप लागणे किंवा वजन अचानक वाढणे यांतले काही दिसले, तर दुसऱ्याच दिवशी छातीचा एक्स-रे काढून घ्यावा.